पी. जे. कोण?

आमची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, त्या मे महिन्यात तळमजल्यावरच्या आंटीने मला खाली बोलावलं. हिरवी पत्र्याची ट्रंक तिने दारात ओढून ठेवली होती. "आतलं सगळं तू ने," ती म्हणाली. "नाहीतर रद्दीवाला किलोवर नेणार. पण ट्रंक मला परत पाहिजे हां. फक्त आतलं ने."

अंकलना जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. लहानपणी आमच्या घरात घड्याळाची गरज नव्हती. सकाळी सात वाजता खालून अंकलच्या सॅक्सोफोनचा एकच सूर सुरू व्हायचा आणि अर्धा तास तोच चालायचा. आई त्याला गिरणीचा भोंगा म्हणायची. रात्री ते हॉटेलात नाचाच्या बँडमध्ये वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात, एवढं आम्हाला माहीत होतं. पण ते नेमकं काय वाजवतात हे चाळीतल्या कुणी कधी विचारलं नाही. आम्हीही नाही.

मी वाद्याला लागलो तो लग्नाच्या बँडमधून. शाळेत असताना एका बँडमास्तरांकडे क्लॅरनेट शिकलो, दोन सीझन वराती वाजवल्या, मग बँकेत चिकटलो आणि क्लॅरनेट माळ्यावर गेला. पंचेचाळिशीत अल्टो सॅक्स घेतला. आता रविवारी सकाळी वांद्र्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही हौशी मंडळी बिग बँड म्हणून जमतो. पाच सॅक्स, चार ट्रंपेट, चार ट्रॉम्बोन, पियानो, गिटार, बेस, ड्रम असे सतरा जण असायला हवेत. चांगल्या रविवारी चौदा येतात, जोडून सुट्टी आली की सात.

ट्रंकेच्या कुलपाची किल्ली नव्हती, कडी हॅक्सॉने कापली. वर पांढरा डिनर जॅकेट, काखेत पिवळा पडलेला. त्याखाली सॅक्सच्या तोंडात लावायच्या रीडचे डबे आणि संडास तुंबल्यावर वापरतात तो रबराचा लाल पेला, दांडा नसलेला. बायकोने तो चिमट्यात धरून थेट कचऱ्यात टाकला. महिन्याभराने कळलं की ट्रंपेटच्या तोंडाशी धरून 'वा-वा' आवाज काढायला हाच पेला वापरतात, आणि तो बहुधा साठ-सत्तर वर्षांचा होता. त्या विषयावर आमच्याकडे अजून बोलणं होत नाही.

खाली नुसते कागद. शेकडो पानं. कसरीने कडा खाल्लेल्या, झुरळांची अंडी, आणि फाटलं तिथे लावलेली चिकटपट्टी तपकिरी होऊन कागदात मुरलेली. पहिल्याच रात्री उत्साहात एक पट्टी सोडवायला गेलो आणि तिच्याबरोबर आठ मात्रा निघून आल्या (इथे मात्रा म्हणजे इंग्रजी नोटेशनमधला एक बार). तेव्हापासून नियम केला: आधी फोटो, मग हात. दाढीच्या जुन्या ब्रशने पान झाडायचं, सावलीत एक दिवस ठेवायचं, फोटो काढायचा, नंबर टाकायचा, जुन्या कॅलेंडरच्या दोन पानांत सरकवून ठेवायचं. रोज रात्री जेवणानंतर वीस पानं. घरच्यांनी जेवणाचं टेबल सोडून दिलं.

सगळ्या पानांच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीचा आकडा होता, १ ते १३८. बँडच्या पेटीत गाणी नावाने लागत नाहीत, नंबराने लागतात. लीडर "सत्तेचाळीस" म्हणाला की सगळ्यांनी सत्तेचाळीस काढायचं. म्हणजे १३८ गाण्यांची पूर्ण पोथी इथे असायला हवी होती. मी वाद्यांप्रमाणे गठ्ठे लावायला घेतले आणि दुसऱ्याच दिवशी अडलो. अंकलच्या हातच्या सगळ्या पानांवर 'थर्ड अल्टो'. पहिला अल्टो होता, तिसरा होता. दुसरा एकाही गाण्यात नाही. आठवडाभर मी दुसऱ्या अल्टोचे कागद हरवले म्हणून हळहळत होतो. मग आमच्या बँडमधल्या टेनरवाल्या (टेनर म्हणजे अल्टोहून मोठा, खालच्या आवाजाचा सॅक्स) मुलीने सांगितलं की हे आकडे अल्टोचे नसतात, सॅक्सच्या रांगेचे असतात. पहिला अल्टो, दुसरा टेनर, तिसरा परत अल्टो. अमेरिकेतून छापून येणारे नाचाच्या बँडचे तयार संच असेच बांधलेले असायचे: तीन सॅक्सवर भागेल, चौथा आला तर बरं. त्याला स्टॉक म्हणतात. ट्रंकेतला तिसरा हिस्सा तरी हे छापील स्टॉक होते आणि बाकी शाईने हाताने लिहिलेलं.

हाताने लिहिलेलं पान वाचायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण माझा कान पेटीवर वाढलेला. अल्टोवाला कागदावर सा वाचतो तेव्हा प्रत्यक्षात काळी दोन ऐकू येते. ट्रंपेट, टेनर आणि क्लॅरनेटचा कागदावरचा सा म्हणजे काळी पाच. ट्रॉम्बोन आणि पियानोचा मात्र जो लिहिला तोच वाजतो, पांढरी एक. एकाच ओळीसाठी तीन वाद्यांचे तीन कागद, तिन्हींवर वेगळे सूर, आणि वाजलं की एकच. हे सगळं नकलून काढणारा माणूस रात्री किती वाजता झोपत असेल?

अंकलच्या पिढीला ही विद्या आली ती गोव्याच्या चर्चमधून. पोर्तुगीज अमलात चर्चला लागून संगीताची शाळा असायची, तिथला मेस्त, म्हणजे मास्तर, पोरांना सोल्फेज (कागदावरचे सूर नावाने गाणं) घोटून घ्यायचा आणि हातात व्हायोलिन द्यायचा, लादाइनीच्या प्रार्थनेला आणि चर्चच्या मिस्सला वाजवायला. मार खात का होईना, दहा-बारा वर्षांचं पोर नोटेशन वाचू लागायचं. मग पोटासाठी मुंबई. धोबीतलावच्या आसपास गावागावाचे कूड होते, म्हणजे गावाच्या नावाने चालणाऱ्या खोल्या: एक ट्रंक, एक चटई आणि भिंतीवर देव. तिथून कुणी पोलीस बँडमध्ये गेलं, कुणी मूकपटाच्या थिएटरात पडद्याखाली वाजवायला. बोलपट आले आणि पडद्याखालची नोकरी गेली. नाचाच्या बँडना मात्र वाचणारी माणसं हवीच होती.

जॅझ त्यांनी वाचून घेतला आणि शेजारी बसून कानाने उचलला. १९३५ साली लिऑन अॅबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग ट्रंपेटवाला क्रिकेट स्मिथ. हा माणूस १९१३-१४ मध्ये न्यूयॉर्कला जेम्स रीस युरोप नावाच्या बँडलीडरच्या ऑर्केस्ट्राबरोबर ध्वनिमुद्रणं केलेला, म्हणजे जॅझ हे नाव रुजायच्या आधीचा. आणि शिकागोचा पियानोवादक टेडी वेदरफर्ड, जो पुढे कलकत्त्यात राहिला आणि १९४५ साली तिथेच वारला. अमेरिकेत ज्या हॉटेलांच्या पुढच्या दाराने त्यांना आत घेतलं नसतं, तशा हॉटेलात ही माणसं इथे लीडर म्हणून उभी होती. क्रिकेट स्मिथच्या बँडने १९३६ मध्ये मुंबईत 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (फॉक्सट्रॉट म्हणजे जोडीने नाचायचा एक नाच) नावाची तबकडीही काढली. त्यांच्या रांगेत, त्यांच्या समोर, त्यांच्या रिकाम्या झालेल्या खुर्च्यांवर गोंयकार आले. मोंबासाला जन्मलेले आणि कराचीत वाढलेले मिकी कोरिया १९३९ पासून जवळजवळ वीस वर्षं ताजचा बँड चालवत होते. शहरातला बहुतेक वाजवणारा केव्हा ना केव्हा त्यांच्या हाताखालून गेला असं जुने लोक सांगतात. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, आवाजात खरखर आणून मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग (अमेरिकेचा गाजलेला जॅझ ट्रंपेटवाला) झाले. पारशी टेनरवाले कावसजी खटाव नाचाच्या जाहिरातीत रूडी कॉटन असायचे.

ट्रंकेतला बँड यांतला नव्हता. एका दुसऱ्या हॉटेलचा, तेरा माणसांचा. नाव लिहीत नाही; पगारावरून भांडणं झाली होती, त्या माणसांची मुलं अजून रविवारी मिस्सला भेटतात, आणि आंटीने मला सांगून ठेवलंय. पण त्याचा इतिहास मला एकाही फोटोवरून कळला नसता तो कागदाच्या कोपऱ्यांवरून कळला.

पान उलटायचा उजवा खालचा कोपरा बघायचा. रोज वाजणारं पान तिथे काळं आणि मऊ होतं, दहाच्या जुन्या नोटेसारखं. तिसऱ्या अल्टोचे सगळे कोपरे काळे. तिसऱ्या ट्रंपेटचे आणि दुसऱ्या ट्रॉम्बोनचे नव्वदपर्यंत काळे. एक्याण्णवपासून पुढे पांढरे, कडक, बोटही न लागलेले. नकल करणारा शिस्तीने तेरा कागद लिहीत राहिलाय, पण त्यांतल्या दोन खुर्च्यांवर कुणी बसत नव्हतं. हस्तलिखितांच्या तळाला त्याने तारखा घातल्यात, पहिली १९४४ची, शेवटची १९५८ची. एक्याण्णव नंबरवर १९५०. त्याआधीच्या वर्षी मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला आणि १९५० मध्ये बंदी पुरी लागू झाली. एका ट्रंकेवरून सिद्धान्त मांडू नये हे मला कळतं. तरी लिंबू सरबतावर रात्री दोनपर्यंत कोण नाचणार, आणि कुठला मॅनेजर तेरा पगार देणार?

त्या दोन माणसांचं काय झालं असेल याचा अंदाज पानांच्या पाठीवर आहे. ११२च्या मागे अंकलनी पेन्सिलीने हिशेब केलाय: रेकॉर्डिंग ९ ते ६, हॉटेल ८, खाली टॅक्सी आणि पुढे प्रश्नचिन्ह. लाहोरच्या हॉटेलात स्वतःचा बँड असलेले सेबॅस्टियन डिसूझा फाळणीनंतर मुंबईला आले आणि शंकर-जयकिशन यांचे अरेंजर, म्हणजे चाल वाद्यांत वाटून लिहून देणारे, झाले. चिक चॉकलेट आमच्या चितळकरांकडे, म्हणजे सी. रामचंद्रांकडे सहायक होते. पुणतांब्याचा मराठी माणूस चाल पेटीवर म्हणणार, हळदोण्याचा गोंयकार ती ट्रंपेट-सॅक्सच्या रांगांत मांडणार, आणि दादरच्या थिएटरात पब्लिक पडद्यावर पैसे उधळणार. १९५१ च्या 'अलबेला'त तर चिक आणि त्यांचा बँड पडद्यावरच दिसतो. माझ्या आईला त्यातली सगळी गाणी पाठ होती. तो आवाज कुठून आला हे तिला ठाऊक नव्हतं, आणि भोंगा मात्र रोज सकाळी चालू होता.

इतकं कळल्यावर आमच्या रविवारच्या बँडला हे वाजवायला द्यायचं मी ठरवलं. अडचण एकच, पहिल्या ट्रंपेटची अख्खी फाईल गायब. ("तो माणूस बँड सोडताना रागाने घेऊन गेला," हे आंटीचं मत. तिचं प्रत्येक हरवलेल्या वस्तूबद्दल असंच मत असतं.) बिग बँडमध्ये पहिला ट्रंपेट नसणं म्हणजे वरातीत क्लॅरनेट नसणं. सत्तेचाळीस नंबरचा फॉक्सट्रॉट निवडला आणि तो कागद नव्याने बनवायला बसलो. सगळे एकत्र वाजवतात तिथे पहिला अल्टो बहुधा पहिल्या ट्रंपेटचीच चाल धरतो, कधी त्याच सप्तकात, कधी खाली. म्हणजे अल्टोच्या कागदावरच्या सुराला सा धरायचं आणि त्याचा मध्यम ट्रंपेटच्या कागदावर लिहायचा. दुसरा आणि तिसरा ट्रंपेट त्याच्या खाली चिकटून बसतात का, आणि पियानोच्या कागदावरच्या कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या सुरांत) तो सूर येतो का, हे बघायचं. दोन साक्षीदार सांगतात ते जुळलं तर शाई, नाही जुळलं तर पेन्सिल. बत्तीस मात्रांच्या आवर्तनाला मला तीन आठवडे लागले. सतरावी मात्रा काही केल्या जुळली नाही, ती पेन्सिलीतच ठेवली.

याच दिवसांत मला पी. जे. सापडला.

१२०च्या पुढे अकरा कागदसंचांवर, गाण्याच्या नावाच्या जागी, लाल शाईत फक्त 'पी. जे.' एवढंच. खाली वेगवेगळ्या नाचांचे तुकडे: एखाद्या वॉल्ट्झच्या सोळा मात्रा, त्यानंतर जोड न देता फॉक्सट्रॉटच्या सोळा, मग क्विकस्टेप आठ मात्रांत तोडलेली. शेवट कुठेच नाही. छापील संचांवर अरेंजरचं नाव कोपऱ्यात असतं, तेव्हा हा बँडचा घरचा अरेंजर असणार हे मी गृहीत धरलं. नाव पी वरून, आडनाव जे वरून. गोंयकारांत जे वरून आडनावं फार नाहीत, त्यामुळे शोध सोपा वाटला. मी वांद्रा, माहीम, माझगाव इथल्या ओळखीच्या लोकांना फोन केले. दोन म्हाताऱ्यांनी "नाव ऐकल्यासारखं वाटतं" असं सांगितल्यावर तर माझी खात्रीच झाली. आमच्या बँडसाठी मी चार पानी टिपण लिहिलं, त्यात दीड पान पी. जे. यांच्यावर: तुटक रचना, अनपेक्षित लय बदलणं, काळाच्या पुढे जाऊन शेवट टाळणं. ऑफिसातला मित्र ते वाचून म्हणाला, "नावच पीजे आहे, तर फालतू विनोद असणार." मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. आणि हरवलेले शेवट मी स्वतः रचले, प्रत्येकी चार मात्रांचे. चांगले जमलेत असं मला वाटत होतं.

ज्या रविवारी वाजवायचं होतं त्या दिवशी टेनरवाल्या मुलीने आपल्या पॅरिशमधल्या एका ट्रंपेट अंकलना आणलं. शहाऐंशी वर्षांचे, पन्नासच्या दशकात हॉटेलांत वाजवलेले, दात गेल्यापासून ट्रंपेट बंद. खुर्ची हॉलच्या मधोमध ठेवून बसले. आम्ही सत्तेचाळीस सुरू केलं आणि आठव्या मात्रेला त्यांनी काठी आपटली.

"कायको भागता है रे? लोग नाचेगा कैसा?"

आम्ही रेकॉर्ड ऐकून ऐकून जलद वाजवत होतो. त्यांनी काठीनेच लय दिली. इतकी संथ, की पहिल्यांदा सगळ्यांचे श्वास मध्येच संपले. चौथ्या वेळी मात्र सॅक्सची रांग एकदम बसली. दोन स्वरांतला पहिला लांब आणि दुसरा आखूड होतो ना, तो झोका आपोआप आला. तिसऱ्या अल्टोचा कागद माझ्यापुढे होता. त्यात चाल कुठेच नाही. तो नेहमी मधला सूर धरतो, कधी तर सहा मात्रा एकच. नुसता ऐकला तर कंटाळा येईल, पण मी श्वास घेतला की रांगेचा मधला भाग पोकळ पडत होता, हे मला स्वतःलाच ऐकू आलं. सकाळी सातचा तो सूर यासाठी होता तर. सतराव्या मात्रेवर ट्रंपेट अंकलनी पुन्हा थांबवलं, ओठ मिटून एक सूर गुणगुणले आणि माझ्याकडे बघितलं. मी लिहिलेल्याच्या अर्ध्या सुराने खाली. पेन्सिल होती म्हणून बरं.

मग मी मोठ्या अभिमानाने पी. जे. पुढे केला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. पाणी द्यावं लागलं.

"पॉल जोन्स रे, बाबा! पॉल जोन्स!"

पॉल जोन्स हा नाचाचा खेळ. बायकांचं रिंगण आत, पुरुषांचं बाहेर, दोन्ही उलट्या दिशांनी फिरतात. बँड थांबला की जो समोर येईल त्याच्याबरोबर नाचायचं. बँड थोडा वॉल्ट्झ देतो, मध्येच तोडतो, पुन्हा रिंगण, मग फॉक्सट्रॉट, पुन्हा रिंगण, मग क्विकस्टेप. शेवट नसतोच, कारण लीडरचा हात वर गेला की जिथे असाल तिथे थांबायचं. आमच्या संगीत खुर्चीसारखं, खुर्च्यांच्या जागी माणसं. माझे चार-चार मात्रांचे शेवट वाचून ट्रंपेट अंकल म्हणाले, "ये बजाता तो सब घर चला जाता।"

आम्ही तो तसाच वाजवला. ड्रमवाल्याने शिट्टी घेतली, ट्रंपेट अंकलनी काठी वर केली की गप्प. पाचव्यांदा काठी वर गेली तेव्हा ट्रॉम्बोनवाला एकटाच वाजवत राहिला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टिपणातलं दीड पान मी काढून टाकलं. ऑफिसातल्या मित्राला सांगायचं अजून राहिलंय.

संध्याकाळी आंटीला फोन केला. ती आता मीरा रोडला भाच्याकडे असते.

"पॉल जोन्स!" ती ओरडलीच. "अरे, मला दर वेळी कोण तरी घामट माणूस यायचा समोर. एकदा एक जाडा पारशी, माझ्या पायावर उभा राहिला. आणि तुझे अंकल वर बसून हसायचे. मला नंतर कळलं, ते लीडरला बोटाने खूण करायचे, आता थांब म्हणून. मुद्दाम."

मग थोडा वेळ काही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"ट्रंक कधी आणतोस?" ती म्हणाली. "चादरी सगळ्या बाहेर पडल्यात इकडे."

कडी मी कापली होती, ते तिला सांगावं लागलं.